एम 51 बघताना या चुका टाळा

सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला मरीची आहे. त्याच्यापासून साडेतीन अंशांवर एम 51 ही सर्पिल दीर्घिका सापडते. दुर्बिणीला डोळा लावल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'रंग कुठे आहेत?'

रंगांची अपेक्षा हीच पहिली चूक. अंधुक उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. मोठी दुर्बीण घेऊनही हे बदलत नाही, कारण पसरट वस्तू दुर्बिणीतून मोठी दिसते, पण तिचा पृष्ठभाग जास्त उजळ होत नाही. डोळ्याने रचना शोधावी, रंग कॅमेऱ्यावर सोडावेत.

रचनेसाठी मात्र आकाश काळं हवं. शहरातून आठ इंची दुर्बिणीतही शेजारी-शेजारी दोन धूसर ठिपकेच दिसतात. दुसरा ठिपका म्हणजे सोबतची छोटी दीर्घिका, एनजीसी 5195. प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर लावून फारसं काही साधत नाही. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या तरंगलांबींचा, त्यामुळे फिल्टर तोही कापतो. त्या पैशात गावाबाहेर जावं. फेब्रुवारी ते मे, अमावास्येच्या आसपास, दीर्घिका उत्तरेला उंच आलेली असताना बघावं. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून अर्धा तास मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर ठिपक्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी. शंभरपट विवर्धन चालतं. सर्वात कमी शक्तीच्या नेत्रिकेवरच (आयपीसवरच) अडून राहू नये. दीर्घिकेच्या सर्पिल भुजा पटकन दिसल्या नाहीत तर खट्टू होऊ नका: फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएला ही दीर्घिका 1773 मध्ये सापडली, तिची सर्पिल रचना 1845 मध्ये लॉर्ड रॉसना दिसली, तीही 72 इंची आरशातून.

फोटोतल्या चुका वेगळ्या. भुजांमधले गुलाबी ठिपके म्हणजे हायड्रोजनचे तेजोमेघ. त्यांचा गडद लाल प्रकाश साध्या डीएसएलआरमधला फिल्टर बराचसा अडवतो, म्हणून ते फिके येतात. ते भरून काढायला सॅच्युरेशन ताणलं की आधी पार्श्वभूमीच रंगते. आधी पार्श्वभूमी राखाडी करा, मग रंग वाढवा. केंद्र पांढरं फटक झालं असेल तर स्ट्रेच (फोटोतले अंधुक भाग उजळवणं) जास्त झालाय. तिथे जुन्या ताऱ्यांचा पिवळसर रंग दिसायला हवा, भुजांत तरुण ताऱ्यांचा निळसर. आणि आपला फोटो जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या केशरी चित्राशी ताडून बघू नका. ते अवरक्त प्रकाशातलं आहे, त्यातले रंग नंतर दिलेले आहेत.