अंडी उबवणीची पेटी : तापमान राखणारा सुरक्षित हीटर

खुडूक कोंबडी मिळाली नाही की गावाकडे खोक्यात 100 वॅटचा बल्ब लावून अंडी उबवली जातात. पिल्ले निघतात, पण पाण्याची वाटी ठेवलेल्या दमट खोक्यात 230 व्होल्टची उघडी जोडणी असणे धोक्याचे आहे, आणि बल्ब रात्रीत गेला तर सकाळपर्यंत कोणाला कळतही नाही. पंधरा-वीस अंड्यांसाठी 12 व्होल्टवर चालणारी पेटी कशी करावी, ते येथे दिले आहे.

हवा फिरवणारा पंखा असेल तर कोंबडीच्या अंड्यांना 21 दिवस सुमारे 37.5 अंश सेल्सिअस तापमान लागते. आधी हीटर किती वॅटचा हवा ते ठरवावे, कारण पेटीची निम्मी सुरक्षितता याच आकड्यात असते. आतून 40 × 30 × 30 सेंटिमीटरच्या पेटीचे एकूण पृष्ठफळ 0.66 चौरस मीटर भरते. भिंतीत अडीच सेंटिमीटर थर्मोकोल असेल आणि बाहेर 12 अंशांची थंडी असेल, तर पेटीतून सुमारे 24 वॅट उष्णता बाहेर जाते. हवेच्या भोकांतून जाणारी उष्णता धरली तरी 35 वॅट पुरतात. त्याहून मोठा हीटर पेटी लवकर तापवेल खरा, पण बिघाड झाल्यावर नुकसानही तेवढ्याच वेगाने करेल.

थर्मोकोल पेट घेतो, म्हणून तो दोन प्लायवूडच्या मध्येच बंद करावा. हीटरसाठी ॲल्युमिनियमच्या कवचातले 8.2 ओहम, 50 वॅटचे दोन रेझिस्टर (वीज वाहिली की तापणारे रोधक) समांतर जोडावेत. 12 व्होल्टवर प्रत्येकी साडेसतरा वॅट, म्हणजे क्षमतेच्या निम्म्याहून कमीच भार त्यांच्यावर येतो. ते 20 सेंटिमीटर चौरस ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट आवळावेत आणि पत्रा भिंतीपासून निदान तीन सेंटिमीटर सुटा ठेवावा. वीज देणारा 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा अडॅप्टर भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) नोंदणीची खूण असलेला घ्यावा आणि तो पेटीच्या बाहेरच राहील असे पाहावे.

नियंत्रणासाठी डब्ल्यू 1209 नावाचे स्वस्त थर्मोस्टॅट बोर्ड, म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारे बोर्ड, पुरेसे आहे, मात्र ते सुरक्षेचे साधन नव्हे. त्यातील रिलेची, म्हणजे हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, टोके ठिणग्यांनी कधी ना कधी एकमेकांना चिकटू शकतात आणि मग पडद्यावर काहीही आकडा दिसला तरी हीटर चालूच राहतो. मे महिन्यातल्या 38 अंशांच्या दुपारी असे झाले, तर आपली 35 वॅटची पेटीसुद्धा 75 अंशांच्या घरात जाईल. म्हणून हीटरच्या वाटेत रिलेशिवाय आणखी दोन पहारेकरी हवेत. पहिला म्हणजे 45 अंशांना उघडणारा, म्हणजे वीज तोडणारा, केएसडी 301 जातीचा कटआउट. घेताना तो एरवी वीज जाऊ देणारा आणि तापल्यावर उघडणाराच आहे, याची खात्री करावी आणि तो पत्र्याच्या वरच्या बाजूला, पण पत्र्यापासून दूर बसवावा. दुसरा म्हणजे पत्र्याला टेकवलेला, साधारण 110 अंशांना कायमचा तुटणारा थर्मल फ्यूज. या फ्यूजच्या तारांना डाख देऊ नये, कारण डाख देण्याच्या उष्णतेनेच तो आतून तुटतो. पितळी कनेक्टरमध्ये तार दाबून किंवा स्क्रूने आवळून जोडावी.

जोडणीचा क्रम असा: अडॅप्टरचे धन टोक, 4 अँपिअरचा साधा फ्यूज, थर्मल फ्यूज, कटआउट, रिले, रेझिस्टर आणि शेवटी ऋण टोक. पंख्याची आणि बोर्डाची तार साध्या फ्यूजनंतर लगेच वेगळी काढावी, म्हणजे हीटरची वीज तुटली तरी पंखा फिरत राहील. रेझिस्टरपर्यंतची तार निदान 1 चौरस मिलिमीटरची असावी.

बोर्डाचा तापमान मोजणारा सेन्सर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर, पण पंख्याच्या थेट झोतात येणार नाही असा टांगावा. बोर्डावर चालू-बंदमधला फरक मुळात 2 अंशांचा असतो, तो 0.3 वर आणावा. सेन्सर खरा बोलतो की नाही, हे ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरने तपासता येते, कारण त्याचा पल्ला नेमका याच तापमानाचा असतो. पेलाभर कोमट पाणी ढवळून घ्यावे, दोघांची टोके एकत्र बुडवावीत आणि जो फरक दिसेल तो बोर्डाच्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरावा.

वीज गेल्यास घाबरून पेटी उघडू नये. तासाभराचा गारवा गर्भ सहसा सोसतो, पण 40 अंशांपलीकडची उष्णता त्याला सोसत नाही. आत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या कायम ठेवल्या तर ऊब हळूहळू उतरते.

अंडी ठेवण्याआधी पेटी रिकामी दोन दिवस चालवावी. मग दिवसा, शेजारी बसून, रिलेची दोन्ही टोके तारेने जोडावीत आणि आतले तापमान पाहत राहावे. स्वस्त कटआउट काही अंश पुढे-मागे उघडतात. 50 पार होऊनही तो उघडला नाही, तर वीज बंद करून तो बदलावा, आणि नव्या कटआउटचीही हीच परीक्षा घ्यावी.