जुन्या डिझेल गाडीची रेस वरखाली होतीय? पंप खोलायच्या आधी हे बघा

गाडी न्यूट्रलला उभी, पाय ॲक्सिलेटरवर नाही, आणि इंजिन आपलं आपणच रेस घेतंय आणि आपणच सोडतंय, घुर्रर्र... घुर्र... घुर्रर्र, मधेच एवढं खाली जातंय की आता बंद पडतंय असं वाटतंय. आमच्या घरच्या २००४ च्या डिझेल गाडीला हे पावसाळ्यानंतर सुरू झालं. सांगलीत विश्रामबागला सिग्नलवर उभं राहिलं की शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दहा सेकंद ऐकलं आणि "पंप गेला ओ, काढून कॅलिब्रेशनला टाकूया" म्हणून मोकळा झाला. पंप म्हणजे इंजिनला दाबानं डिझेल पुरवणारा डिझेल पंप, आणि कॅलिब्रेशन म्हणजे तो मशीनवर लावून सेटिंग करून घेणं. निघालं काय तर वीतभर रबरी पाइप आणि दोन क्लिपा. तेव्हा पंपाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी एक सांगतो, हे सगळं जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांचं आहे, म्हणजे पहिली इंडिका, जुनी सुमो, क्वालिस वगैरे. २००७ ला आलेली स्विफ्ट डिझेल किंवा त्यानंतरच्या कॉमन रेलच्या गाड्यांना खाली दिलेली, नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपाचा नट सैल करायची टेस्ट अजिबात करायची नाही. तिथं पाइपात हजार बारच्या वर प्रेशर असतंय, डिझेलची धार सरळ कातडीतून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत हात सडायची वेळ येते, असं झालं तर घरी हळद लावत न बसता तसंच दवाखान्यात जायचं.

आता पहिलं काम म्हणजे पाना न उचलता नुसतं ऐकायचं. बरेच लोक सगळ्यालाच "मिसिंग" म्हणतात पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रेस लयीत वर-खाली, वर-खाली होत असेल तर डिझेल एकसारखं पोचत नाही, बहुतेक वेळा लाइननं एअर धरलेली असते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली असते. रेस एका जागी स्थिर आहे पण गाडी लंगड्यासारखी थडथड हलतीय तर एखादा सिलिंडर नीट काम करत नाही, म्हणजे नोझल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) बघायचं. आणि इंजिनचा आवाज एकदम साफ, फक्त स्टिअरिंग आणि सीट थरथरतंय, तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, बसलंय, डिझेलशी त्याचा काही संबंध नाही, उगाच फिल्टर बदलत बसू नका.

एअरचं नीट समजून घ्या कारण इथंच सगळे फसतात. या गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, पंप ते ओढून घेतो. त्यामुळं पाइपाला बारीक चीर असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि आपण खाली पुठ्ठा टाकून बघतो तर पुठ्ठा कोरडा, म्हणतो लिकेज नाही. दुसरी खूण सकाळची. रात्रभरात डिझेल मागं टाकीकडं उतरतं, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी दमते. हँड प्रायमर (हातानं दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप) चार-पाच वेळा दाबल्यावर लगेच चालू झाली तर ऐंशी टक्के एअरच आहे असं मी धरतो.

पक्कं करायला गवंडी वापरतो तसला पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, गणपती पेठेत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, फूटभर बास, फक्त आपल्या डिझेल पाइपच्या मापाचा बघून घ्या. फिल्टरकडून पंपाकडं जाणारा रबरी पाइप काढून तिथं हा लावायचा, क्लिपा आवळायच्या, प्रायमर दाबून एअर काढून गाडी चालू करायची. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणारच, पाच मिनिटं थांबा. त्यानंतरही माळेतल्या मण्यांसारखे बुडबुडे येत राहिले तर चोर सापडला. आमच्यात मोठा बुडबुडा पंपात शिरला की दुसऱ्या क्षणाला रेस पडायची, पुढं साफ डिझेल आलं की परत चढायची, डोळ्यासमोर दिसत होतं, मी आणि बाबा दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून सिनेमा बघितल्यासारखं बघत होतो.

मग तोच पाइप फिल्टरच्या अलीकडं, टाकीच्या बाजूला लावायचा. तिथं बुडबुडे नाहीत आणि फिल्टरनंतर आहेत तर दोष फिल्टरच्या सीलिंग रिंगमध्ये, प्रायमरमध्ये नाहीतर बँजो बोल्टच्या (डिझेलचा पाइप जोडणारा मधून पोकळ बोल्ट) तांब्याच्या वायसरमध्ये. हे वायसर लोक काढून तेच परत घालतात, दहा-वीस रुपयांसाठी, नवीन घाला की. अलीकडंही बुडबुडे असतील तर टाकी ते फिल्टर या टप्प्यात शोधायचं. आमच्यात असंच होतं. फिल्टरच्या जरा आधी लोखंडी पाइपाला रबरी तुकडा जोडलेला, त्या जोडावर बोटभर जागेत काळी ओलसर धूळ चिकटलेली, बाकी पाइप कोरडा. रबर वाकवल्यावर भाकरी तडकते तशा भेगा दिसल्या. अशा जोडावर ग्रीस थापून बघा, रेस तेवढ्यापुरती स्थिर झाली की तोच जोड.

कुठंच सापडत नसेल तर बाटली टेस्ट. बाटलीत साफ डिझेल घ्यायचं, पंपाच्या वर उंचीवर बांधायची, पंपाचा इनलेट पाइप आणि रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणारा पाइप) दोन्ही त्यातच सोडायचे. बेल्ट आणि गरम एक्झॉस्टपासून लांब ठेवा, बाटली सांडली तर खेळ होईल. बाटलीवर गाडी घड्याळासारखी चालली तर पंप निर्दोष, भानगड टाकी, लाइन किंवा फिल्टरची.

टाकीचं झाकणसुद्धा बघा, हसू नका. झाकणाचं हवेचं भोक चोंदलं तर टाकीत व्हॅक्यूम होतो. झाकण उघडताना सुस्स करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी बरी चालली, तर झाकण बदला, विषय संपला.

पाण्याचं आपल्याकडं जास्त असतंय. २०१९ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांना सांगायला नको, पण पुरात नसलेल्या गाडीतसुद्धा अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं. फिल्टरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत ग्लासभर डिझेल काढा आणि अर्धा तास ठेवा, पाणी जड म्हणून तळाला वेगळं बसतं. दिसलं तर फिल्टर बदलाच, आणि जास्तच असेल तर टाकीही उतरवून धुवा.

आता थडथडीचं. गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता चालू, ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट, बहुतेक ठिकाणी सतराचा पाना लागतो, फक्त अर्धा आटा सैल करायचा. वरून कापड टाका, डोळ्याला चष्मा, तोंड आणि बोटं लांब, कारण या जुन्या पंपातही शंभर बारच्या वर प्रेशर असतंय. सैल केल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा, काहीच फरक पडला नाही तर आळशी हाच. त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला घालून बघा. दोष नोझलबरोबर फिरला तर नोझल टेस्टिंगला टाका, तिथंच राहिला तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. ऑइलचं झाकण उघडल्यावर फकफक धूर मारत असेल तर पिस्टनच्या रिंगांचा संशय धरा.

सकाळी थडथड आणि पांढरा धूर, दोन-तीन मिनिटांत बरी, असं असेल तर हीटर प्लग. वायर काढून मल्टिमीटर लावा, चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. एसी लावल्यावरच रेस पडत असेल तर पंपाचा लिव्हर उचलणारा व्हॅक्यूमचा डबा आणि त्याचा बारीक पाइप बघा. रेस वरच अडकत असेल तर ॲक्सिलेटरची केबल. ईजीआर (थोडा एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असेल आणि आयडलला काळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह काढून काजळी साफ करा. एअर फिल्टरच्या नादाला आयडलसाठी लागू नका, आयडलला डिझेल इंजिनला हवा भरपूर मिळते, चोंदलेला फिल्टर चढावर जाणवतो.

आणि तो आयडलचा स्क्रू! रेस पडतीय म्हणून स्क्रू आवळून वाढवली की मूळ रोग झाकला जातो, आणि एअर काढल्यावर गाडी बोंबलत राहते. फिरवायचाच असेल तर आधी नेलपॉलिशची खूण करा, इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, मग थोडाथोडा, बहुतेक या इंजिनांचं आयडल ८०० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतं. सील केलेल्या दुसऱ्या स्क्रूला हात लावायचा नाही. बाटलीवर चालवूनही रेस नाचतीय, चारी नोझल ठीक, कॉम्प्रेशन ठीक, तर मग खुशाल पंप काढा, गव्हर्नर, म्हणजे पंपातला रेस सांभाळणारा भाग, झिजलेला असू शकतो.

लेव्हल पाइप मात्र कायमचा ठेवू नका. "चालतंय की" म्हणून आम्ही तो तीन आठवडे ठेवला, पिवळा पडून काचेसारखा कडक झाला आणि क्लिपेपाशी चिरला, परत बुडबुडे. मग शंभर फुटी रोडवरनं डिझेलचा खरा पाइप आणला.