कोळ्याचं जाळं दुसरीच्या वर्गात

छापील कोळी रंगवायला देऊन धडा संपवणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या चित्रांत निम्म्या वेळा पाय पुढच्या भागाऐवजी पोटाला चिकटवलेले असतात, आणि मुलं तेच शिकतात.

सुरुवात कुंपणावर करा. श्रावण-भाद्रपदात जाळी हमखास सापडतात. फवाऱ्याच्या बाटलीनं दुरून हलकं पाणी मारलं की धागे दिसू लागतात. हात कुणीच लावायचा नाही.

मग वाचन. फळ्यावर तुमच्याच आठ सोप्या ओळी लिहा: पंख नाहीत, पाय आठ, शरीराचे भाग दोन, म्हणून हा कीटक नव्हे. त्यात एक ओळ मुद्दाम चुकवा. ती शोधण्यासाठी सगळा वर्ग पुन्हा पुन्हा वाचतो. ‘कोळी’ म्हटल्यावर कुणीतरी मासे धरणारा कोळी काढतोच. त्याला गप्प करू नका. दोघांच्या जाळ्यांतला फरक मुलांनाच सांगू द्या.

आता जाळं. पहिल्या वर्षी मी इथंच आपटले. चार काड्या एकत्र धरून मधोमध दोरा गुंडाळला आणि मुलांच्या हाती दिला. पाच मिनिटांत सगळ्या काड्या छत्रीसारख्या मिटल्या, आणि टेबलाभोवती “बाई, माझं मोडलं” सुरू झालं. काड्या एकदम बांधायच्याच नाहीत. वीतभर लांबीच्या दोन तुराट्या अधिकच्या चिन्हासारख्या ठेवून फुलीत चार वेढे घाला, मग काड्यांच्या मधून आडवे दोन वेढे घालून गाठ मारा. अशी दोन चिन्हं झाली की एक दुसऱ्यावर तिरकं ठेवून तसंच बांधा. आठ आरे तयार. हे काम आदल्या संध्याकाळी तुम्ही करा, मुलांवर टाकू नका. खराट्याचे हीर इथं चालत नाहीत, वाकतात.

लोकर प्रत्येकी चार मीटर, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेली. मोकळी दिलीत तर तास गुंता सोडवण्यात जाईल. काडीवरून न्यायची, खालून पूर्ण वेढा घालायचा, मग पुढच्या काडीकडे. वेढा न घालता नुसती टेकवली की सगळं घसरतं. दुसरी चूक ओढण्याची. मी एवढंच सांगते, “काडी वाकली, तर सैल सोड.” दोन फेऱ्यांत एका बोटाचं अंतर. नायलॉनचा दोरा नको, आणि गोंद तर नकोच.

मुलं गुंडाळत असतानाच सांगा: चक्राकार जाळं विणणारा कोळी आधी आरे ताणतो, मग मधून बाहेर एक कच्ची, न चिकटणारी फेरी टाकतो. चिकट धागा नंतर बाहेरून आत येतो, आणि येता येता कच्ची फेरी काढली जाते. हातात काम असताना हे लक्षात राहतं.

कोळी शाडूचा करा: पुढचा गोळा चिंचोक्याएवढा, मागचा बोराएवढा. डोळ्यांसाठी गुंजा आणू नका, विषारी असतात. हिराचे आठ तुकडे गुडघ्यात मोडून, माती ओली असतानाच, सगळे पुढच्या गोळ्यात खोचायचे. एक जरी पोटात गेला तरी काढायला लावा.

वाळला की दोन गोळ्यांच्या मधे लोकर बांधून जाळ्याच्या मध्यावर लावा, डोकं खाली. चक्राकार जाळं विणणारे कोळी बहुधा तसेच बसतात. त्या आठवड्यात वर्गाच्या कोपऱ्यातली जळमटं झाडू नका. पडताळून बघायला मुलं तिथंच जाणार आहेत.