पेपरवरच्या पत्त्यांतून विद्यापीठांचं नातं शोधताना

दोन विद्यापीठांत सहकार्य आहे की स्पर्धा, हे त्यांच्या शोधनिबंधांवरून (पेपरांवरून) शोधायचं. ग्रंथालयशास्त्राच्या प्रकल्पाला हा विषय सोपा वाटतो. एका पेपरवर लेखकांच्या पत्त्यांत दोन संस्था दिसल्या की सहकार्य, नाही दिसल्या की स्पर्धा. मी मराठवाड्यातल्या संस्थांवर हेच काम केलंय. नव्यांना पहिलं सांगणं एवढंच, की बराचसा वेळ पत्ते साफ करण्यात जाणार, हे धरूनच चाला.

संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ ला ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणून सुरू झालं. १९९४ च्या नामविस्तारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं. पुढे शहराचंही नाव बदललं. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं, त्याला वसंतराव नाईकांचं नाव २०१३ मध्ये मिळालं. म्हणजे नुसतं ‘मराठवाडा’ टाकून शोधलंत तर दोन वेगळ्या संस्था एकाच ढिगात येतात. त्यात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चं; त्याआधी तिथली कॉलेजं संभाजीनगरला संलग्न. म्हणून पेपरचं साल बघूनच कॉलेज कोणत्या विद्यापीठात धरायचं ते ठरवा.

आता मोजणी. नुसत्या संयुक्त पेपरांच्या आकड्यावर जाऊ नका, मोठी संस्था सगळीकडेच पुढे दिसते. समजा एका संस्थेचे १०० पेपर, दुसरीचे ४००, संयुक्त २०. संयुक्त पेपरांना दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा: २० भागिले २००, म्हणजे ०.१. तिसऱ्या छोट्या संस्थेचे २५ च पेपर आणि पहिलीबरोबर संयुक्त १० असतील, तर ०.२ येतं. संयुक्त पेपर निम्मे, पण नातं दुप्पट घट्ट.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. आपल्याकडे कॉलेजातले सर किंवा मॅडम नोकरी सांभाळून विद्यापीठातल्या गाइडकडे पीएचडी करतात. पेपरवर दोन पत्ते येतात आणि आलेखात संस्थांमधलं सहकार्य म्हणून मिरवतात. खरं तर ते गुरू-शिष्याचं नातं आहे, पीएचडी झाली की बहुधा आटतं. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंध उघडून गाइडचं नाव जुळवा आणि असे पेपर वेगळ्या रकान्यात टाका. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्या अभ्यासातला तोच भाग वाचण्यासारखा होतो.

स्पर्धा शोधायची तर संदर्भसूच्या ताडून बघा. दोन संस्था तेच तेच जुने पेपर उद्धृत करतात, म्हणजे विषय एकच, तरी एकत्र लिहीत नाहीत, तिथे स्पर्धेची शंका घ्यायला जागा आहे. संदर्भसूच्या ताडायची ही पद्धत केसलर या संशोधकाने १९६३ मध्येच मांडलेली. पण शंकाच म्हणा. कधी कधी एकमेकांची ओळखच नसते, एक फोन केला की कळतं.

पेपरांची माहिती देणाऱ्या स्कोपस या डेटाबेसची वर्गणी कॉलेजला परवडत नसेल तर ओपनअलेक्स हा तसाच डेटाबेस फुकट आहे. संस्थांमधल्या नात्यांचा नकाशा काढायला व्हॉसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअरही फुकट. फक्त मराठी नियतकालिकांतलं लेखन या डेटाबेसांत फारसं सापडत नाही. तेव्हा मराठी किंवा इतिहास विभागांची तुलना रसायनशास्त्राशी करायला जाऊ नका.