साहेबांचा माणूस, ठेकेदाराचा कामगार

चाकणच्या एका कारखान्यात मी सात वर्षं एकाच प्रेसवर काम केलं. मशीन तेच, साहेब तेच. ठेकेदार मात्र तीन झाले. नव्याने कंत्राटी लागला असाल तर हे नीट लक्षात घ्या, माझं सगळं नुकसान त्यातच आहे.

साहेब म्हणायचे, "तू आपलाच माणूस. जागा निघाली की पहिलं नाव तुझं." त्या शब्दावर मी पाडव्यालाही डबल ड्युटी केली. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. पण पर्मनंट करणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि माझ्या पगार स्लिपवर कंपनीचं नावच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितलंय की सरकारने ठेकेदारी बंद केली तरी कामगार मूळ कंपनीत आपोआप कायम होत नाही. ठेका नुसता दाखवायला होता हे सिद्ध करावं लागतं, आणि त्याला कागद लागतात.

कागदातच मी अडकलो. ठेकेदार बदलायचा झाला की सिक्युरिटी केबिनमध्ये गठ्ठा यायचा. सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारलेली. लाइन थांबेल म्हणून मी उभ्या उभ्या सह्या करून परत प्रेसवर पळायचो. त्या गठ्ठ्यात माझा राजीनामा होता. पीएफ काढायचा फॉर्म 19 होता, पेन्शनचा 10सी होता. पैसे हातात आले, घरावर पत्रे टाकता आले, बरं वाटलं. पण 10सी भरून पैसे उचलले की पेन्शनच्या हिशोबातली तेवढी वर्षं जातात, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, सलग पाच वर्षं लागायची. माझी सात वर्षं तीन तुकड्यांत गेली, एकही तुकडा पाचाचा नाही. आणि स्वतः राजीनामा दिलेला माणूस "मला काढलं" म्हणून कुठे जाणार?

म्हणून ठेकेदार बदलला तरी जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या. पीएफ ट्रान्सफर करा, काढू नका. पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवरही येते, एवढा आधार कायद्यात आहे. गेटपास, हजेरी कार्ड, स्लिपा, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. "चहापाण्याचं बघ, पर्मनंट करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. सल्ला हवा असेल तर युनियनमधल्या जुन्या कामगाराला विचारा, ठेकेदाराच्या सुपरवायझरला कधीच नाही.

घाबरू मात्र नका. मन लावून काम करा. प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवायला मी तिथेच शिकलो आणि आज त्यावरच घर चालतंय. शेवटच्या गठ्ठ्याच्या वेळी माझ्या मागे लातूरकडचा एक पोरगा उभा होता. त्याने फुली पाहिली, कागद घडी करून खिशात घातले आणि म्हणाला, "घरी वाचतो, उद्या आणून देतो." मला वाटलं, गेली याची नोकरी. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तो माझ्या शेजारच्या मशीनवर होता. राजीनामा आणि पैसे काढायचे फॉर्म सोडून बाकीच्या कागदांवर त्याने सही केली होती.