रंगमंच व्यवस्थापक होऊ पाहणाऱ्या बेळगावकरांसाठी
बेळगावात व्यावसायिक नाटकांचे प्रयोग अधूनमधूनच होत असल्याने, केवळ रंगमंच व्यवस्थेवर घर चालेल असे गृहीत न धरता आरंभी नोकरी सांभाळून हौशी संस्थेत काम शिकावे. संहितेच्या प्रत्येक पानासमोर कोरे पान जोडून त्यावर प्रकाश, संगीत आणि पात्रांच्या प्रवेशाच्या सूचना क्रमांकासह, पेन्सिलीनेच लिहाव्यात, कारण तालमीत त्या बदलतात. प्रकाश हाताळणारा कानडीभाषक असल्यास या सूचनांचे आकडे कानडीत उच्चारण्याचा सराव करावा. ऐन अंधारात सतरा म्हणजे ‘हदिनेळु’ हे समजावत बसता येत नाही. तिसऱ्या घंटेपूर्वी विंगेतील सामान स्वतः तपासावे. मानधन आणि प्रवासखर्च मात्र तालमी सुरू होण्याआधीच लेखी ठरवावा. ओळखीच्या मंडळींत पैशांविषयी बोलण्याचा संकोचच सर्वाधिक नडतो.