हे पाणी गोव्याला जातंय

ट्रेक लीडर व्हायचं तर सुरुवात कुठून करायची, असं बेळगाव-खानापूरकडची बरीच मुलं विचारतात. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था 1965 पासून आहे. तिथला 28 दिवसांचा बेसिक कोर्स जरूर करा. दोर, गाठी, बर्फावरची चाल तिथं पक्की होते. पण आपलं रान वेगळं आहे. इथं बर्फ नाही आणि गाठायला शिखरही नाही. दाट कारवीत शिरलात की पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसत नाही. अशा रानात माणसं घेऊन चालणं म्हणजे काय, हे मला खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या तीन दिवसांच्या चालीत कळलं. त्यातला दुसरा दिवस इथं सांगतो.

नोव्हेंबर होता. मी धरून शाळेपासूनचे चार मित्र, माझी मावसबहीण आणि वाट दाखवायला गावातले मामा, असे आम्ही सहा जण. मामा नात्यानं नव्हेत, पण आमच्या बाजूला वडीलधाऱ्या माणसाला असंच हाक मारतात. वनखात्याची लेखी परवानगी खिशात होती. 2011 मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. परवानगीवाचून आत पाऊल टाकू नका, कुणी ओळखीचा "चालतंय की" म्हणाला तरीसुद्धा. मुक्काम आम्ही गावातच धरला होता.

सकाळी भाकरी, शेंगाची चटणी बांधून झाल्यावर मामा म्हणाले, "आज तू पुढं हो. मी मागनं येतो."

पुढं व्हायच्या आधी अर्धा तास आम्ही पाय बघण्यात घालवला. मावसबहीण नर्स आहे. तिनं प्रत्येकाला बूट काढायला लावले, बोटांच्या बेचक्या, टाचा बघितल्या, दोघांच्या टाचांना चिकटपट्टी लावली. "फोड आल्यावर सांगू नका. गरम लागायला लागलं की सांगा," तिनं बजावलं. पहिल्या दिवशी उत्साहात दुखणं जाणवत नाही आणि तिसऱ्या दिवशी घर जवळ आलेलं असतं. पाय बोलायला लागतात ते दुसऱ्या दिवशी. लीडरनं सकाळी नकाशाच्या आधी टाचा बघाव्यात, हे मी तेव्हापासून पाळतो.

नकाशा होता सर्व्हे ऑफ इंडियाचा, 1:50,000 प्रमाणाचा. त्यात 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटर उंचीच्या अंतरानं. म्हणजे 15 मीटर खोल ओढा त्या रेषांत सापडेलच असं नाही, आणि दिवसभरात असे किती ओढे उतरून चढावे लागतात! सपाट रस्त्यावर तासाला 5 किलोमीटर चालणारे आम्ही, त्या दिवशी तासाला जेमतेम 2 चाललो. नवीन असाल तर घरी बसून काढलेला वेळ सरळ दुप्पट धरा.

पहिला मोठा ओढा साकवावरून ओलांडला. लाकडं आणि वेल बांधून गावकऱ्यांनीच केलेला. मामांनी एकेकालाच सोडलं, पाठीवरच्या सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडायला लावला. पडलात तर सॅक पटकन काढता आली पाहिजे. आम्हाला तो साकव नवलाईचा वाटला. आतल्या गावांतल्या लोकांना पावसाळ्यात आजारी माणूस, बाळंतीण डोलीत घालून अशाच वाटांनी बाहेर काढावी लागते. आपण जिथं हौसेनं जातो तिथल्या लोकांची ही रोजची वाट आहे, हे मित्रांना सांगणंही पुढं चालणाऱ्याचं काम आहे असं मला वाटतं.

पुढं एक उकरलेलं वारूळ दिसलं, माती ताजी. अस्वलाचं काम. मामांनी लगेच मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, काठी झाडांवर आपटत चालले. अस्वल अचानक समोरासमोर आलं तरच जास्त धोका असतो. माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा ते बाजूला होतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला चालू नका.

घोळ झाला तो दुपारी एक वाजायच्या आधी. गुरांच्या वाटा एकमेकींत शिरतात, त्यातली एक मी धरली आणि ती कारवीत विरून गेली. शेजारी एक वहाळ, म्हणजे ओढा, खाली उतरत होता. एक मित्र म्हणाला, "पाण्याबरोबर खाली जाऊया. खाली कुठंतरी गाव लागंलच की." मलाही ते पटलं. आम्ही दहा मिनिटं उतरलोसुद्धा. मागून मामांची हाक आली.

"थांब रे पोरा. हे पाणी गोव्याला जातंय. आपल्याला गावात जायाचं हाय."

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण मैदानी भागात शिकवलेला नियम इथं उलटा पडतो. खानापूर तालुक्यातच दोन नद्या उगम पावतात. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला वळते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. देगावजवळची म्हादई पश्चिमेला जाते आणि गोव्यात मांडवी होते. पूर्वेकडचं पाणी हळूहळू शेतांत, गावांत जातं. पश्चिमेकडचं पाणी घाटाची धार तोडून खाली उडी घेतं. वज्रपोहा धबधबा म्हादईचाच. अशा वहाळामागं उतरलात की आधी शेवाळलेले दगड, मग घळ, मग अचानक कडा. उतरलेलं परत चढता येत नाही आणि मोबाइलला रेंज नसते.

मामांनी वाट सांगितली नाही. "शेवटची खात्रीची जागा कुठली?" एवढंच विचारलं. मला साकवानंतरचं मोठं किंदळाचं झाड आठवलं. तिथवर मागं जायला चाळीस मिनिटं लागली. सगळे गप्प होते, एकाच्या डोळ्यांत राग स्पष्ट दिसत होता. मी तिथं बसून सगळ्यांना भाकरी वाटली आणि चूक माझी झाली हे तोंडानं सांगितलं. खाऊन झाल्यावर राग उतरला. मग झाडापासून तिन्ही वाटा पन्नास-पन्नास पावलं चालून बघितल्या. एकीवर ताजं शेण आणि कोयत्यानं तोडलेल्या फांद्या सापडल्या. तीच गावाची वाट होती.

वेळेचं गणित इथं कामाला आलं. बेळगावकडं नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण दाट झाडीत पाचलाच अंधारतं. म्हणून दोन वाजेपर्यंत पुढची वाट नक्की झाली नाही तर सकाळच्या गावी परत फिरायचं, हे आम्ही सकाळीच ठरवलं होतं. आम्हाला वाट सापडली तेव्हा दोनला दहा कमी होते. आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर मी परत फिरवलं असतं, आणि ते सोपं गेलं नसतं.

साडेचारला गावात पोचलो. चहाच्या आधी मावसबहिणीनं सगळ्यांना कपडे झटकायला, गुडघ्यांमागं, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड बघायला लावलं. हे टाळू नका. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडलेला माकडताप गोचिडांतून पसरतो, आणि 2016 च्या सुमारास तो शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आढळला. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य हंगाम. पिल्लू गोचीड तिळाएवढं असतं, बोटानं चाचपूनच सापडतं. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायचं, चिरडायचं नाही. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा. आणि घरी आल्यावर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना आधी हेच सांगा, की आपण रानात गेलो होतो.